दोरी, खुंटी आणि देऊळ

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात झालेल्या व्याख्यानमालेतील एका भाषणाचे शब्दांकन)



समितीने मला 'निवृत्तीनंतरची गुंतवणूक' या विषयावर बोलायला सांगितलं होतं. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला लोक दोनच गोष्टी विचारतात. एफडीचा दर सध्या किती, आणि नॉमिनेशनचा फॉर्म कसा भरायचा? या दोन्हींची उत्तरं मी जिन्यात, लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीपाशी देतच असतो. म्हणून मी विषय बदलून मागितला. यंदा मे महिन्याच्या सुट्टीत आपल्या सोसायटीतली अकरा मुलं आणि मी मिळून भूमिती शिकलो. 'शिकवली' असं म्हणत नाही, कारण त्यातली निम्मी मलाच नव्याने कळली. आमच्याकडे गाईड नव्हतं, फळा नव्हता. सुतळी होती, खडू होते आणि डोळ्यांसमोर देऊळ होतं. आज त्याचीच हकीकत सांगणार आहे.

आधी एक कबुली देतो. माझा मुलगा नववीत असताना पायथागोरसच्या सिद्धांतात अडखळला. मी ब्रँचमधून दमून आलेलो. त्याला म्हटलं, "सिद्धता पन्नास वेळा लिहून काढ, आपोआप येईल." त्याने लिहिली. परीक्षेत मार्कही मिळाले. पण पुढे त्याने गणिताची वाट सोडली ती सोडलीच. आता माझी नात आठवीत गेली. तिचं भूमितीचं पुस्तक मी हातात घेतलं तेव्हा मुलगा शांतपणे म्हणाला, "बाबा, तेव्हा पन्नास वेळा लिहिताना मी आकृतीकडे एकदाही बघितलं नव्हतं. नुसती अक्षरं उतरवत होतो." तो रागाने बोलला नाही, म्हणूनच ते जास्त लागलं. नातीच्या बाबतीत तीच चूक करायची नाही, एवढाच माझा हेतू होता. बाकीची दहा मुलं आपणहून येऊन मिळाली.

आता प्रश्न असा, की देऊळच का? साधं कारण आहे. देऊळ ही आपल्या आजूबाजूची अशी इमारत आहे की जिच्यात प्रत्येक आकार कोणीतरी विचार करून निवडलेला असतो. चौकोन का, तर त्याला काही अर्थ मानलेला आहे. गोल का, त्यालाही अर्थ आहे. आणि अर्थ ठरवून भागत नाही, तो दगडात उतरवावा लागतो, तिथे भूमिती लागते. शिवाय डोंबिवलीहून अंबरनाथ किती लांब? लोकलने अर्ध्या तासाच्या आत. शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेलं, शिलाहारांच्या काळातलं शिवमंदिर आपल्या शेजारी उभं आहे, आणि आपण मुलांना भूमिती शिकवायला क्लासची फी भरतो!

पहिला धडा : पूर्व कुठे आहे?

देऊळ बांधताना सगळ्यात आधी दिशा लागते. मी मुलांना विचारलं, पूर्व कुठे? सगळ्यांनी एकदम रेल्वे लाइनकडे हात केले, कारण आपण 'डोंबिवली पूर्व' मध्ये राहतो! मोबाईल काढायचा नाही अशी अट होती. मग त्यांना मी शंकूची रीत सांगितली. ही रीत कात्यायनाच्या शुल्बसूत्रात दिलेली आहे. शुल्ब म्हणजे दोरी. यज्ञाच्या वेदी मापात बांधण्यासाठी ख्रिस्तपूर्व काळात रचलेले हे ग्रंथ. देवळं त्यानंतर कितीतरी शतकांनी आली, पण दोरी आणि खुंटी यांची विद्या तीच पुढे चालत राहिली.

बी विंगच्या गच्चीवर सपाट जागा बघून एक फुटाची काठी ओळंब्यात उभी केली. तिच्या बुंध्याभोवती एक फूट त्रिज्येचं वर्तुळ सुतळीने आखलं. सकाळी काठीची सावली लांब असते, वर्तुळाच्या बाहेर जाते. ती आखडत आखडत साडेनऊच्या सुमारास तिचं टोक वर्तुळाला टेकलं. तिथे खूण केली. दुपारी सावली दुसऱ्या बाजूने वाढत गेली आणि पावणेचारच्या सुमारास पुन्हा वर्तुळाला टेकली. तिथे दुसरी खूण. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळाली.

इथे मी थांबलो आणि म्हटलं, "माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवू नका. का, ते सांगा." बराच वेळ कोणी बोलेना. मग सातवीतला एक मुलगा म्हणाला, "आजोबा, दोन्ही सावल्या सारख्याच लांब आहेत." बस्स! तिथेच समद्विभुज त्रिकोण जन्माला आला. सूर्य सकाळी जेवढा वर होता, तेवढाच तो दुपारी त्या क्षणी होता. मधली रेषा, म्हणजे पायाचा लंबदुभाजक, ती उत्तर-दक्षिण. तो कसा काढायचा? दोन्ही खुणांवर दोरीची टोकं धरून दोन कंस काढायचे, ते जिथे एकमेकांना छेदतात ते बिंदू जोडायचे. छेदणाऱ्या कंसांच्या मधल्या आकाराला आपल्या जुन्या गणितात 'मत्स्य' म्हणतात, कारण तो माशासारखा दिसतो. पुस्तकातला 'रेषाखंडाचा लंबदुभाजक काढणे' हा धडा मुलं माशाच्या नावाने ओळखायला लागली.

आणखी एक गंमत झाली. मेच्या मध्यावर आपल्याकडे सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो. त्या दिवशी काठीची सावली नाहीशीच झाली. पण कधी? बाराला नव्हे, बारा वाजून चौतीस मिनिटांनी. मुलं घड्याळाला खोटं ठरवायला निघाली. तेव्हा सांगितलं, की आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरच्या सूर्याप्रमाणे लावलेलं आहे, आणि आपण त्र्याहत्तरच्या आसपास राहतो. एका अंशाला चार मिनिटं. बाकीचा गुणाकार त्यांनीच केला, आणि उरलेल्या तीन-चार मिनिटांसाठी पुन्हा माझ्याकडे आली. पण तो वर्षभर थोडा मागेपुढे होणाऱ्या सूर्याचा हिशेब, तो पुढच्या सुट्टीसाठी राखून ठेवला आहे.

दुसरा धडा : काटकोन

दिशा मिळाली, आता चौकोन. चौकोनाला काटकोन हवा. आपल्याला आठवत असेल, मागच्या कंपाउंडची भिंत नव्याने बांधली तेव्हा गवंड्याने कोपऱ्यातून एका बाजूला तीन फूट मोजले, दुसऱ्या बाजूला चार फूट, आणि तिरकं माप घेतलं. "पाच आले की गुण्या बरोबर," असं म्हणून तो विटा लावायला लागला. मी विचारलं, कुठे शिकलात? म्हणाला, "बापाकडं." बापाने त्याच्या बापाकडे. ही साखळी मागे मागे नेली तर ती शुल्बसूत्रांच्या दोरीपर्यंत जाते असा पुरावा माझ्याकडे नाही, पण दोरी तीच आहे.

बौधायनाने हा नियम काटकोन त्रिकोणाच्या भाषेत सांगितलेला नाही. तो आयताबद्दल बोलतो. आयताच्या कर्णावर ताणलेली दोरी जेवढं क्षेत्र निर्माण करते, तेवढंच लांबी आणि रुंदी मिळून निर्माण करतात, असा त्याचा आशय आहे. 'क्षेत्र' हा शब्द लक्षात घ्या. आपल्या डोक्यात 'ए वर्ग अधिक बी वर्ग' एवढंच बसलेलं असतं, आणि वर्ग म्हणजे खरोखरचा चौरस हे आपण विसरून जातो. गच्चीवर फरशांचे तुकडे पडले होते. मुलांनी तीनच्या बाजूवर नऊ फरशा मांडल्या, चारच्या बाजूवर सोळा, आणि मग त्याच पंचवीस फरशा उचलून पाचच्या बाजूवर मांडल्या. एकही उरली नाही, एकही कमी पडली नाही. मुलगा त्या दिवशी सुतळी धरायला आला होता. तो फरशांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "अरेच्चा, एवढंच होतं?" मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं काय होतं?

तिसरा धडा : चौसष्ट घरं

सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत देवळाची मापं आहेत. देवळाची जागा चौसष्ट घरांची, म्हणजे आठ गुणिले आठ. यालाच वास्तुपुरुषमंडल म्हणतात. प्रत्येक घरावर देवतांची योजना, मधल्या घरांवर ब्रह्मा. मग मापं अशी : देवळाची उंची रुंदीच्या दुप्पट. गर्भगृहाची रुंदी देवळाच्या रुंदीच्या निम्मी. दाराची रुंदी गर्भगृहाच्या पाव, आणि दाराची उंची त्याच्या रुंदीच्या दुप्पट.

मुलांनी चौकटीच्या वहीत आठ बाय आठ काढलं. गर्भगृह चार बाय चार. भिंती दोन-दोन घरांच्या. दार एका घराचं, उंची दोन. देऊळ सोळा उंच. मग मी विचारलं, गर्भगृहाची रुंदी निम्मी, तर त्याचं क्षेत्रफळ किती? अकरापैकी नऊ जण म्हणाले, निम्मं. मोजून बघितलं तर चौसष्टमध्ये सोळा, म्हणजे पाव! लांबी निम्मी झाली की क्षेत्रफळ पाव होतं, हे सूत्र पाठ करून जे डोक्यात शिरत नाही ते घरं मोजून दोन मिनिटांत शिरलं. आपल्या भाषेत सांगायचं तर या बांधकामात बिल्टअप चौसष्ट आणि कार्पेट सोळा! (हशा) तरी कोणी सर्वसाधारण सभेत तक्रार केल्याची नोंद नाही.

याच वहीवर आणखी एक खेळ केला. अंबरनाथच्या देवळाची भिंत तुम्ही पाहिली असेल. ती सरळ नाहीच. सारखी आत-बाहेर वळते, कोपऱ्यापुढे कोपरा. का? चौसष्ट घरांच्या चौकोनाची परिमिती बत्तीस. आता चारही कोपऱ्यांतलं एकेक घर काढून टाका. क्षेत्रफळ साठ झालं. परिमिती? मुलांनी पैज लावली की कमी होणार. मोजली तर बत्तीसच! मग बाजूच्या मधलं एक घर आत खणा, कोनाडा करा तसं. जागा आणखी एका घराने कमी झाली, पण परिमिती दोनने वाढली. म्हणजे जागा न वाढवता भिंत लांबवता येते. त्या वाढलेल्या भिंतीवर मूर्ती बसतात, ऊन-सावलीचा खेळ होतो. देवतांना जागा हवी होती, ती शिल्पकाराने परिमितीतून काढली. हे कळल्यावर आम्ही अंबरनाथला गेलो, तेव्हा मुलांनी मूर्तींच्या आधी कोपरे मोजले. तिथे मात्र एक नियम कडक पाळला. ती पुरातत्त्व खात्याची संरक्षित वास्तू आहे. खडू नाही, दोरी नाही, भिंतीला हात नाही. नजरेने मोजायचं आणि वहीत काढायचं. बाहेरून मंडपात आणि मंडपातून पायऱ्या उतरून खाली गर्भगृहात, असं जाताना मुलं आपोआप गप्प झाली. ते शिकवावं लागलं नाही.

चौथा धडा : चौकोनाचा गोल

आता माझा सगळ्यात आवडता भाग. शिल्पशास्त्रात घडवलेल्या शिवलिंगाचे तीन भाग सांगितले आहेत. तळाचा चौकोनी, तो ब्रह्मभाग. मधला अष्टकोनी, तो विष्णुभाग. वरचा गोल, तो रुद्रभाग. आपण पूजा करतो तो वरचा गोल भाग, खालचे दोन पीठात आणि जमिनीत असतात. जुन्या देवळांतले खांबही पुष्कळदा असेच असतात. खालून वर नजर नेली की चौकोनाचा अष्टकोन आणि अष्टकोनाचा गोल होत जातो. अर्थ काय लावतात, तर चौकोन ही पृथ्वी, स्थिर, चार दिशांची. गोल म्हणजे आकाश, ज्याला कोपरा नाही. मधला अष्टकोन दोघांना जोडणारा.

अर्थ सुंदर आहे. पण पाथरवटापुढे चौकोनी दगड आहे, आणि त्यातून अष्टकोन काढायचा आहे. कोपरे किती छाटायचे? जास्त छाटले तरी बिघडलं, कमी छाटले तरी बिघडलं. हा प्रश्न मी मुलांना दोन दिवस नुसता दिला होता. कोणी तिसरा भाग छाटला, कोणी चौथा. आठ बाजू काही सारख्या येईनात. मग सुतळीची युक्ती दाखवली. चौरसाचे दोन कर्ण काढा. कोपऱ्यापासून मध्यापर्यंत, म्हणजे अर्ध्या कर्णाएवढी सुतळी घ्या. एकेका कोपऱ्यावर ती धरून दोन्ही बाजूंवर खुणा करा. चार कोपऱ्यांच्या आठ खुणा. त्या जोडा, झाला अष्टकोन!

आमचा चौरस एक मीटरचा होता. अर्धा कर्ण सत्तर पूर्णांक सात सेंटिमीटर. आठही बाजू मोजल्या, सगळ्या एक्केचाळीसच्या किंचित पुढे. टाळ्या झाल्या. पण माझ्या नातीने टाळी वाजवली नाही. ती म्हणाली, "आजोबा, मोजून सारखं आलं म्हणजे सारखंच आहे कशावरून? तुमची टेप चुकीची असेल." मला त्या क्षणी तिला उचलून घ्यावंसं वाटलं. गणित ज्या ठिकाणी सुरू होतं, नेमकी तिथे ती उभी होती. मग आम्ही बसून हिशेब केला. दोन खुणांमधला तुकडा म्हणजे दोन वेळा अर्धा कर्ण वजा बाजू, एक्केचाळीस पूर्णांक चार. कोपऱ्यात छाटलेल्या त्रिकोणाची बाजू एकोणतीस पूर्णांक तीन, आणि त्याचा कर्ण पुन्हा एक्केचाळीस पूर्णांक चार. शेवटी अंकांच्या जागी अक्षर घेऊन नातीनेच दाखवलं की दोन्ही नेहमीच सारखे येणार, टेप कुठलीही असो.

पुढे पाथरवट थांबत नाही. आठाचे कोपरे छाटले की सोळा, सोळाचे छाटले की बत्तीस, मग छिन्नी फिरवली की गोल. खांबाच्या छेदाच्या क्षेत्रफळाला मधल्या त्रिज्येच्या वर्गाने भागायचं. चौकोनाला येतात ४. अष्टकोनाला ३.३१. सोळा कोनांना ३.१८. बत्तीस कोनांना ३.१५. मुलं ओरडली, "आजोबा, हे पाय आहे!" होय, पाय. बावीस सप्तमांश म्हणून पाठ केलेला तो आकडा दगडाच्या एकेका कोपऱ्यातून हळूहळू खाली उतरताना त्यांनी पाहिला.

चौकोनावर गोल कसा बसवायचा हा प्रश्न काही एकट्या देवळाचा नाही. चार खांबांवर चार तुळया, त्यावर गोल छत, हे मंडपात. चार भिंतींवर घुमट, हे मकबऱ्यात. विजापूरचा गोलघुमट घ्या. महंमद आदिलशहाची ती कबर सतराव्या शतकातली, घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे चव्वेचाळीस मीटर. खाली दालन चौकोनी. मध्ये एकमेकांना छेदणाऱ्या कमानी, दोन चौरस एकावर एक तिरके फिरवून ठेवावेत अशा. त्यातून अष्टकोन उभा राहतो, आणि अष्टकोनावर गोल घुमट. शिवमंदिराचा पाथरवट आणि विजापूरचा कारागीर यांच्यामध्ये कित्येक शतकं, भाषा वेगळी, देवाचं नाव वेगळं. पण दोघेही चारावरून गोलाकडे आठातूनच गेले.

एका रुपयाचा फरक

आमचा हा उद्योग सुरू झाल्यावर बी विंगमधल्या एका आजींनी मला जिन्यात थांबवलं. म्हणाल्या, "अहो, देवाला फूटपट्टी लावायची का? मुलांची श्रद्धा जाईल." प्रश्न रास्त होता, म्हणून मी घाईने उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना म्हटलं, "आजी, आधी माप घेतात, मग देऊळ उभं राहतं, आणि त्यानंतर प्राणप्रतिष्ठा होते. मापाशिवाय देव आत यायचाच नाही." आजी हसल्या. दुपारी दुसरी खूण करायला त्या स्वतः गच्चीवर आल्या होत्या, हातात सरबताचा जग घेऊन.

पण दुसऱ्या बाजूने उलटं संकट आलं. व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरत होता, की आपल्या पूर्वजांना सगळंच गणित माहीत होतं, आता शोधायला काही उरलं नाही. मुलांनी तो मला मोठ्या उत्साहाने दाखवला. त्यावर मी त्यांच्यासमोर बौधायनाचाच एक नियम ठेवला. चौरसाचा कर्ण किती? तो सांगतो, बाजूत तिचा तिसरा भाग मिळवा, त्या तिसऱ्याचा चौथा भाग मिळवा, आणि त्या चौथ्याचा चौतिसावा भाग वजा करा. बाजू ४०८ धरली तर ४०८ अधिक १३६ अधिक ३४ वजा १, म्हणजे ५७७.

आता ताळा करा, म्हटलं. कर्णाचा वर्ग बाजूच्या वर्गाच्या दुप्पट यायला हवा. ५७७ चा वर्ग ३,३२,९२९. ४०८ च्या वर्गाची दुप्पट ३,३२,९२८. फरक एक!

मित्रहो, बँकेत ज्यांनी नोकरी केली त्यांनाच हा 'एक' कळेल. ताळेबंदात एका रुपयाचा फरक आला म्हणून आम्ही रात्री नऊ-नऊपर्यंत लेजर चाळलेली आहेत. कोणी म्हणायचं, खिशातून एक रुपया टाका आणि घरी चला. पण फरक रुपयाचा नसतो, कुठेतरी काहीतरी बरोबर नाही याची ती खूण असते. मी मुलांना म्हटलं, शोधा हा रुपया. त्यांनी दुसरे अपूर्णांक घेऊन बघितले. कधी एक जास्त, कधी एक कमी, बरोबर कधीच नाही. मग सांगितलं, हा रुपया कोणालाच सापडणार नाही. चौरसाची बाजू आणि कर्ण कुठल्याही एका मापाने पूर्ण मोजले जात नाहीत, आणि हे सिद्ध करता येतं. बौधायनाच्या नियमातल्या या मापाला नावच 'सविशेष' आहे. काहीतरी थोडं शिल्लक आहे, हे त्या नावातच आलं, असा त्याचा अर्थ लावला जातो. एक मीटरच्या चौरसात ही चूक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दुप्पट. वेदी बांधायला याहून जास्त अचूकपणा कोणाला हवा? मला त्या माणसाबद्दल आदर वाटतो तो त्याला सगळं माहीत होतं म्हणून नव्हे. एवढ्या जवळ जाऊनही त्याने फरक खिशातून भरला नाही, म्हणून.

मुलांना मी एवढंच सांगितलं. चौकोन म्हणजे पृथ्वी आणि गोल म्हणजे आकाश, हे आपण मानतो. मानण्यात आनंद आहे, आणि त्याशिवाय हे देऊळ कोणी बांधलंच नसतं. पण अष्टकोनाच्या आठ बाजू सारख्या आहेत हे मानायचं नसतं, ते दाखवायचं असतं. या दोन खात्यांची नोंद एकाच पानावर करू नका. देवळात दोन्ही एकत्र राहतात, पण एकमेकांची जागा घेत नाहीत.

शेवटी एक विनंती

पालकांना माझं सांगणं आहे की यासाठी गणिताची पदवी लागत नाही. माझी स्वतःची बी. कॉम. ची आहे. दहा रुपयांची सुतळी, खडूची पेटी आणि एक रिकामी दुपार लागते. आणि एक पथ्य लागतं, ते मी फार उशिरा शिकलो. उत्तर आपल्याला येत असलं तरी तोंड मिटून बसायचं. मूल दोन दिवस चुकीचे कोपरे छाटेल. छाटू द्या.

समितीकडे मागणं एकच. रौप्यमहोत्सवाची आठवण म्हणून बी विंगच्या गच्चीवर, टाकीच्या सावलीत न येणाऱ्या जागी, एक छोटा सिमेंटचा ओटा करावा. त्यावर शंकूची एक सळई आणि एक वर्तुळ. वॉटरप्रूफिंगला धक्का लागणार नाही याची हमी मी घेतो, आणि खर्चाचं कोटेशन सचिवांकडे आधीच दिलेलं आहे. त्यावरची पहिली खूण सकाळी मुलांनी करावी. दुपारच्या खुणेसाठी मोठ्यांपैकी कोणीतरी वर यावं. माझा मुलगा मागच्या रांगेत बसला आहे. दोरीचं दुसरं टोक तो धरेल, असं त्याने कालच कबूल केलं आहे.

एफडीचे प्रश्न असतील तर नेहमीप्रमाणे जिन्यात भेटूच.